लोकल पाण्यात अडकण्याआधीच थांबवावी का?

मुलुंडची_मुग्धा

परवा परत तेच झालं. सकाळी मुलुंडहून सीएसएमटी स्लो पकडली, विद्याविहार सोडलं आणि कुर्ला यायच्या आधीच गाडी थांबली ती थेट सव्वादोन तास. लेडीज डब्यात अशी गर्दी की खाली बसायलाही जागा नाही. माझ्या शेजारच्या मावशींना डायबेटीस, त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा कुणीतरी राजगिऱ्याची वडी दिली, कुणी पार्ले-जी. दारात उभ्या असलेल्या मुली दर पाच मिनिटांनी सांगत होत्या, आता खडी दिसत नाही, आता स्लीपर दिसत नाहीत, आता फक्त रुळाची वरची कड दिसतेय. बाथरूमचं तर बोलूच नका.

आदल्या संध्याकाळी ऑरेंज अलर्ट आला होता. भरतीची वेळ सगळ्या पेपरात छापून येते, ती काही अचानक येत नाही. मग घाटकोपरला गाडी फलाटावर होती तेव्हाच ती तिथे का थांबवत नाहीत? फलाटावर पाणी मिळतं, बाथरूम असतं, कुणाला बरं वाटेनासं झालं तर बाहेर रिक्षा असते, घर जवळ असेल तर माणूस चालत परत जातो. गाडी थांबवायला माझी अजिबात ना नाही, पण ती माणसाला उतरता येईल अशा ठिकाणी थांबवा एवढंच म्हणणं आहे.

कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं हे सगळ्यांना माहितीये. मग मुंबईच्या लोकलला असं पावसाळी वेळापत्रक का नाही? ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

कुर्लेकर

कुर्ला ते सायन हा पट्टा म्हणजे बशीचा तळ. मिठी नदी इथे, नाले इथे आणि दोन्ही बाजूंनी वस्ती. आमची तिसरी पिढी इथे आहे. पाऊस किती पडला ते मी मोबाईलवर बघत नाही, गल्लीच्या तोंडाशी दत्ताच्या देवळाची पायरी आहे, ती बुडाली की समजायचं रूळ गेले.

रुळावरून

मुग्धाताई, सिग्नल खात्यात ३४ वर्षं काढली म्हणून थोडं लांब लिहितो, संपूर्ण वाचा.

लोकांना वाटतं पाणी मोटरमध्ये जातं म्हणून गाडी थांबते. तेही होतं, मोटरी डब्याच्या खाली चाकांपाशीच असतात. पण त्याच्या कितीतरी आधी सिग्नल लाल होतात. कसं ते सांगतो. रुळांचे तुकडे पाडलेले असतात, म्हणजे कापलेले नव्हे, मध्ये इन्सुलेशन घालून वेगळे केलेले. प्रत्येक तुकड्यात अगदी कमी दाबाचा करंट एका रुळातून जातो आणि दुसऱ्यातून परत येतो. टोकाला रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच असतो, करंट पोचला की तो उचललेला राहतो, म्हणजे लाईन मोकळी. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट मधूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल. आता रुळांमध्ये पाणी, चिखल, गटाराचा गाळ भरला की तोही तेच काम करतो, करंट खडीतून गळतो. रिले पडतो. गाडी नाही तरी सिग्नलला वाटतं गाडी आहे.

हे वाईट वाटतं पण मुद्दामच तसं बनवलंय. शंका आली की लाल. उलटं असतं तर काय झालं असतं विचार करा.

मग ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला तर मोटरमनने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून, मग समोर बघत बघत अगदी सावकाश पुढे जायचं असा नियम आहे. एक सिग्नल असा गेला तर चालतं. सात-आठ ओळीने गेले की मागून तीन-चार मिनिटांना एक येणाऱ्या गाड्या एकामागे एक चिकटतात, त्याला आम्ही बंचिंग म्हणतो. तुमची गाडी पाण्यामुळे नाही, बहुतेक पुढच्या गाडीमुळे थांबली होती, आणि ती तिच्या पुढच्या.

आता बऱ्याच ठिकाणी अॅक्सल काउंटर आलेत, ते चाकं मोजतात, त्यामुळे रुळांतलं पाणी त्यांना तेवढं बाधत नाही. पॉइंट मशीनलाही, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या यंत्रालाही, पाण्यापासून जपायची कव्हरं घालतात. पण पॉइंटच्या जिभेत एक चप्पल किंवा दुधाची पिशवी अडकली तर तो पूर्ण लागत नाही आणि तो लागला नाही तर सिग्नल मिळत नाही. आणि पुरात चपला कमी नसतात.

मंदार_डोंबिवली

रुळावरून काका, मस्त समजावलंत. पण मुग्धाताई, आधीच थांबवा या मुद्द्याला माझा विरोध आहे.

लोकल बंद म्हणजे ऑफिस बंद नव्हे. आमच्या कंपनीत (नाव नको) मेसेज येतो, जमेल तसं या, नाही आलात तर रजा मांडा. मग डोंबिवलीचा माणूस घरी बसत नाही, तो रिक्षा, शेअर टॅक्सी, बस, मिळेल ते पकडून निघतो. १९ ऑगस्ट २०२५ आठवा. हार्बर बंद पडली, सगळी गर्दी मोनोरेलवर गेली, गाडीची क्षमता १०४ टन आणि भरली १०९ टन. म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कच्या मध्ये गाडी उंचावर थांबली, वीज गेली, एसी बंद. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ माणसं उतरवली. रुळावर अडकलेल्या लोकलमधून निदान खाली उडी तरी मारता येते!

एक मार्ग बंद केला की त्याची गर्दी दुसऱ्यावर जाते, दुसरा तेवढा मजबूत नसतो. म्हणून जेवढी चालेल तेवढी चालवा, या मताचा मी आहे.

मुलुंडची_मुग्धा

मंदार, मोनोरेलचं उदाहरण माझ्याच बाजूचं नाही का? हार्बर बंद होतेय हे मोनोवाल्यांना अर्धा तास आधी कळलं असतं तर त्यांनी स्टेशनवरच लोक मोजून आत सोडले असते.

सावंतवाडीची_सून

मूळ प्रश्नाला धरून लिहिते, सासर सावंतवाडी आणि माहेर परळ, त्यामुळे कोकण रेल्वे म्हणजे दुसरं घर.

पावसाळी वेळापत्रक आधी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. गाड्या सावकाश जातात, एकदोन तास जास्तीचे धरूनच निघायचं. जोराचा पाऊस असून समोरचं दिसत नसेल तर ४० च्या वेगाने चालवा अशी सूचना असते. आणि फक्त वेळापत्रक नाही हो. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर वारा मोजायची यंत्रं आहेत, वाशिष्ठी, सावित्री आणि काळ नदीच्या पुलांना पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे, नऊ स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. म्हणजे वारा इतका झाला की गाडी थांबवायची हे आधी ठरलेलं असतं, त्या दिवशी बसून ठरवत नाहीत.

पण हे सगळं फुकट नाही आलं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड आली आणि कारवारहून मुंबईला येणारी हॉलिडे स्पेशल घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर डोंगर उतरते केले, जाळ्या मारल्या, वेग कमी केला. माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचं एक कुटुंब त्या २००३ च्या गाडीत होतं. अजून जूनमध्ये गाडी बोगद्यातून बाहेर पडली की सासूबाई हात जोडतात.

मुंबईत मोठा धक्का २००५ ला बसला, त्याला वीस वर्षं होऊन गेली. पण लोकलला तसा ठरलेला आकडा आहे का, इतका पाऊस अधिक इतकी भरती म्हणजे अमुक ते अमुक गाड्या बंद? मी तरी कधी ऐकला नाही.

बटाटावडा_एक्स्प्रेस

मला एवढंच माहितीये की गाडी अडकली की डब्यातल्या प्रत्येकाच्या पिशवीतून खाऊ निघतो. एका पावसात मी दोन तासांत चकली, ढोकळा, उकडलेल्या शेंगा आणि कुणाच्या तरी मुंजीचे बुंदीचे लाडू खाल्ले. घरी गेल्यावर बायको म्हणाली, बिचारे उपाशी असाल!

जांब्रुंगचा_पोर

सावंतवाडीची_सून, दरडीबद्दल लिहिलंत म्हणून राहवलं नाही. माझे वडील घाटात होते, कर्जत-लोणावळा सेक्शनला, हिल गँगमध्ये. आता नाहीत ते.

एप्रिल-मे मध्ये त्यांचं काम सुरू व्हायचं. पाऊस यायच्या आधी डोंगरावरचे सुटे दगड शोधायचे आणि ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद ठेवून, खाली पाडायचे, मग ते फोडून गाडीत भरून न्यायचे. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वर झाडाला किंवा खुंटीला, हातात पहार. मी एकदा त्यांच्या सोबत गेलो होतो, नववीत असेन. ते पहारीच्या टोकाने दगडावर ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. टणक आवाज आला तर पुढे. भद्द आवाज आला की थांबायचे, हात फिरवायचे, भेगेत बोटं घालून बघायचे, मग चुन्याने फुली. मला म्हणाले, ठोकून बघ. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. ते हसले आणि म्हणाले, दहा पावसाळे गेले की कळेल.

पावसात रात्रीची पेट्रोलिंग. दोघं आपापल्या चौकीतून निघायचे, मध्ये भेटायचे, एकमेकांच्या वह्या बदलायच्या आणि परत. वही बदलली म्हणजे दोघांनी आपापला अर्धा रस्ता पायी बघितला याचा पुरावा. आता त्यांच्याकडे जीपीएस असतो, चांगलंच आहे. मंकी हिलच्या बाजूला एक तरी पाऊस असा जात नाही की दगड आला नाही. पण आला आणि गाडीवर नाही पडला, त्याची बातमी होत नाही.

ज्यांना वाटतं रेल्वेवाले झोपलेले असतात त्यांनी जुलैत रात्री दोनला घाटातून एकदा चालून बघा.

रुळावरून

जांब्रुंगचा_पोर, तुमच्या वडिलांना नमस्कार. खरं सांगतो, आमचं सगळं खातं त्या पहारीवर आणि त्या कानावर उभं आहे.

बेस्टचा_जुना_चालक

मी परळ भागात बस चालवली, २८ वर्षं. हिंदमाताला पाणी किती हे आम्ही दुभाजकावरून ओळखायचो. काळे-पिवळे पट्टे दिसतायत तोवर गाडी घालायची. दुभाजक दिसेनासा झाला की घालायची नाही, मग कंडक्टर ओरडू दे नाहीतर पॅसेंजर. जुन्या डिझेल गाडीत एकदा पाण्यात शिरलं की अॅक्सिलेटरवरचा पाय काढायचा नाही. पाय काढला की सायलेन्सर पाणी ओढतो आणि गाडी तिथेच बसते. पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच, इंजिन घुंई घुंई, लाट उठू नये म्हणून वेग कमी, आणि समोरच्या गाडीच्या मागे लगेच जायचं नाही, ती बंद पडली तर तुम्हीही अडकलात.

आता सांगतो मुद्द्याचं. आमच्याकडे तो दुभाजक होता, म्हणजे जायचं की नाही ते ठरलेलं होतं. लेखी नव्हतं पण सगळ्या डेपोला माहीत होतं. मुग्धाताई तेच मागताय, बरोबर मागताय.

नाला_सफाई

महापालिकेच्या कामांशी कन्सल्टंट म्हणून संबंध येतो, म्हणून आकडे थोडे.

मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिमी पाऊस आणि ओहोटी धरून बांधलेली. १९८५ च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे या वाहिन्या सुधारायच्या आराखड्याचा, अभ्यास झाला, १९९३ ला अहवाल आला, त्यात तासाला ५० मिमी धरायला सांगितलं. काम खरं जोरात सुरू झालं ते २६ जुलै २००५ नंतर, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला त्याच दिवशी शंभरसुद्धा नाही तेव्हा. त्या दिवशी मुंबईला ढग आणि पाऊस टिपणारं डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाब्याला आहे, जोगेश्वरीला वेरावलीलाही आहे, आणि २०२० पासून आयफ्लोज ही पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा आहे. म्हणजे कुठे पाणी भरू शकतं याचा अंदाज आधी करायची सोय २००५ पेक्षा कितीतरी बरी आहे.

पंपिंग स्टेशनं सहा झाली, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. मोगरा आणि माहुलचं किती वर्षं नुसतं ऐकतोय. हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या केल्यात, तिथे आता पाणी लवकर उतरतं, हे मी स्वतः पाहिलंय.

पण रेल्वेच्या हद्दीत पाणी येतं ते बाहेरून. रूळ खाली, शहर वर. रस्ते दरवेळी डांबर नाहीतर काँक्रीट टाकून उंच होत गेले. कल्व्हर्ट म्हणजे पाणी जायची मोरी, तो रेल्वेखालून जातो, त्याच्या एका तोंडाला महापालिका, दुसऱ्या तोंडाला महापालिका आणि मधला भाग रेल्वेचा. तिघं एका वेळी साफ झाले तरच उपयोग. मधला साफ केला आणि खालच्या बाजूला गाळ तसाच, तर काय होणार? मस्जिद-सँडहर्स्ट रोडच्या पट्ट्यात मायक्रो टनेलिंग करून रुळाखालून नवीन पाईप टाकले, गाडी न थांबवता. अशी कामं अजून वीस ठिकाणी हवीत.

नालासोपारा_पूर्व

तुमच्याकडे पंप तरी आहेत. आमच्याकडे २०१८ च्या जुलैत रुळांचा कालवा झाला होता, लांबच्या गाड्यांमधली माणसं रात्रभर अडकली. मुंबई म्हणजे दहिसरपर्यंतच असं धरून सगळं आखतात. कामाला येणारी माणसं विरार, वांगणी, टिटवाळ्यातली असतात.

नाला_सफाई

१००% मान्य. वांगणीवरून आठवलं, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच अडकली, उल्हास नदीचं पाणी चहूकडे. हजाराच्या वर माणसं, त्यात गरोदर बायकाही होत्या, एनडीआरएफ आणि नौदलाने बोटीतून काढली. कुणाचाही जीव गेला नाही. पण मुग्धाताईंचा प्रश्न तिथेही लागू आहे, नदी वाढतेय हे कळत असताना गाडी बदलापूरला फलाटावर असती तर बोटीच लागल्या नसत्या.

ठाणे_वैभव

सगळे पावसावर बोलताय, उन्हाचं कुणी बोललं नाही. रूळ तापून वाढतात. एक किलोमीटर मोकळा रूळ ३० अंशांनी तापला तर फुटापेक्षा जास्त लांब होतो. सलग वेल्ड केलेल्या रुळाला लांब व्हायला जागाच नसते, तो जोर आतल्या आत दाबून ठेवतात, खडी आणि स्लीपरच्या भरवशावर. खडी कमी झाली, की उन्हाळ्यात रूळ बाजूला वाकायची भीती. म्हणून उन्हातही दुपारी गस्त असते. आणि तीच खडी पावसात वाहून जाते किंवा गाळाने भरते. म्हणजे मे महिन्यातलं आणि जुलैमधलं दुखणं एकाच खडीचं आहे.

चौलची_पोर

थोडं विषयांतर, राग मानू नका. आमचं गाव अलिबागकडे. गेटवे-मांडवा लाँच दरवर्षी जून ते ऑगस्ट बंद. पूर्वीपासून. आजी म्हणायची, समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत आपला नसतो. कुणी तक्रार करत नाही, तेव्हा एसटीने वडखळवरून फिरून जायचं हे सगळ्यांना पाठ असतं. आता भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट आहे, तीही हवा बघूनच सुटते. मला सांगायचंय की आधी सांगून बंद केलं तर लोक त्याभोवती आपलं आयुष्य बसवतात. न सांगता बंद केलं की हाल.

मंदार_डोंबिवली

चौलची_पोर, लाँचची गर्दी आणि लोकलची गर्दी यात फरक आहे ना. तीन महिने घरी कोण बसणार?

चौलची_पोर

तीन महिने नाही हो दादा, उधाणाच्या भरतीला मुसळधार पाऊस जुळून आला तर तेवढे दोनतीन तास. मोठ्या उधाणाची भरती मुंबईत दुपारी बारा-एकच्या आसपास आणि तशीच मध्यरात्री येते. वर्षभराचं पत्रक आधी मिळतं.

मानखुर्दची_लेक

माझी आई चेंबूर आणि माटुंग्याला पाच घरं करते. ती इथे लिहू शकत नाही म्हणून मी लिहितेय, तिला विचारूनच.

ती म्हणते, गाडी बंद असं सकाळी सहाला सांगितलं तर मी निघतच नाही, फोन करून सांगते. दोन घरं पैसे कापतात, तीन नाही कापत. पण गाडी चालू आहे म्हणून निघाले आणि चुनाभट्टीला अडकले तर दोन्हीकडून गेले, पगारही कापला आणि संध्याकाळपर्यंत भिजून बसले. मागे एकदा ती रुळातून चालत आली, कमरेएवढं पाणी, पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने. पाण्याखाली खडी सरकते, पाय कुठे पडतो कळत नाही. मधेच एका बाईचा पाय स्लीपरच्या फटीत गेला, चौघांनी धरून काढला. त्या रात्री आई काहीच बोलली नाही, फक्त पायाला हळद लावत बसली.

मंदारदादा तुमचं ऑफिस रजा मांडतं, आईला रजाच नाही. तरीपण ती म्हणते आधी सांगा.

मंदार_डोंबिवली

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आईंना नमस्कार सांगा. मत बदलतोय असं नाही म्हणत, पण चालू ठेवण्याचा त्रास सगळ्यांना सारखा नसतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वरळीचा_बाळ्या

भुयारी मेट्रो आली की सुटलो असं वाटत होतं. १० मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू झालं आणि २६ मे ला पाऊस आला, मुंबईत निदान पंचाहत्तर वर्षांत सगळ्यात लवकर आलेला मान्सून. अर्धवट बांधलेल्या प्रवेशद्वारातून पाणी थेट फलाटापर्यंत. कारण साधं होतं, कामाच्या जागी पाणी अडवायला बांधलेली भिंत त्या लोंढ्याने पडली. आता मला वाटतं नवीन काहीही बांधताना जूनला पाऊस येतो हे गृहीत धरायचंच नाही, १५ मे ला सगळी तोंडं बंद असलीच पाहिजेत.

सावंतवाडीची_सून

बाळ्या, एकदम पटलं. कोकणात पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याला लागतं, पाऊस मे मध्ये आला तर मधले तीन आठवडे काय? तारखेऐवजी पाऊस बघून लागायला हवं.

रुळावरून

मुग्धाताई, तुमचा मूळ प्रश्न दोन दिवस डोक्यात होता, काल कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

स्लो लाईनवर दोन स्टेशनांमधलं अंतर साधारण तीन मिनिटांचं. गाड्याही तीन-चार मिनिटांना एक. म्हणजे कुठल्याही क्षणी एका स्टेशनामागे साधारण एकच गाडी असते. याचा अर्थ प्रत्येक गाडीला पुढचा फलाट मिळू शकतो! पण एकाच अटीवर, मागून नवीन गाडी सोडणं त्याच वेळी थांबलं पाहिजे आणि पहिला सिग्नल पाण्याने लाल व्हायच्या आधी हा निर्णय झाला पाहिजे. तो लाल झाला की गाड्या चिकटायला लागतात आणि मग फलाट मोकळा मिळत नाही. म्हणजे हाताशी पंधरा-वीस मिनिटं आहेत, जास्त नाहीत.

फास्ट लाईनला अवघड आहे. गाड्या लांब लांब न थांबता जातात, मध्ये मेल-एक्स्प्रेस, त्यांचे २४ डबे छोट्या फलाटावर मावत नाहीत. तिथे आधी मेल गाड्या कल्याणला किंवा त्याच्या मागे थोपवाव्या लागतील.

पंधरा मिनिटं आधी कसं कळणार? कुर्ला-सायनला कल्व्हर्टच्या तोंडाशी पाणी मोजायची पट्टी आणि सेन्सर, त्याचा आकडा थेट कंट्रोलमध्ये. कल्व्हर्टमधलं पाणी रुळावर यायच्या आधी तोंडाशी चढतं, हे मी डोळ्याने शेकडो वेळा बघितलंय. बेस्टवाल्या दादांचा दुभाजक, तोच इथे बसवायचा. आकडा ओलांडला की कंट्रोलरने कुणाला फोन करून विचारायचं नाही, गाड्या फलाटावर. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळ त्या फोनमध्ये जायचा. बंद करण्याची जबाबदारी कुणी घ्यायची, यात वीस मिनिटं जात आणि तेवढ्यात पाणी येई. नियम लिहिलेला असला की बिचाऱ्या कंट्रोलरच्या मानेवर ते ओझं येत नाही.

बेस्टचा_जुना_चालक

आणि तोच आकडा त्याच क्षणी बेस्टला, मेट्रोला, मोनोला गेला पाहिजे. गाडी घाटकोपरला थांबली की स्टेशनबाहेर बस लागलेली हवी. डेपोतून बस काढायला वीस मिनिटं लागतात, नंतर सांगून उपयोग नाही.

मुलुंडची_मुग्धा

रुळावरून काका, तुमची पोस्ट मी चार वेळा वाचली. मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल हे शक्यच नाही. मंदारचंही पटलंय, नुसती गाडी थांबवून भागत नाही, बाहेर बस हवी आणि ऑफिसांनाही सकाळीच कळायला हवं. मानखुर्दची_लेक, मी रेल्वेला पत्र लिहिणार आहे, तुझ्या आईचं वाक्य त्यात सगळ्यात वर घालणार आहे, चालेल ना? आमच्या प्रवासी ग्रुपमध्ये लेडीज डब्यातल्या चाळीस जणी आहेत, सह्या होतील. काका, ती तीन मिनिटांची आकडेमोड नीट कागदावर लिहून द्याल का, मला सही केलेली हवी.

मानखुर्दची_लेक

आई म्हणाली घाल. आणि सहीला अंगठा चालतो का विचारते.

मुलुंडची_मुग्धा

पहिला तिचाच.

रुळावरून

रविवारी देतो. नकाशासकट.

कुर्लेकर

उद्या दुपारी पाऊण वाजता भरती आहे, ४.७ मीटर, आणि आत्ता रात्री साडेअकराला पायरीच्या खाली दोन बोटं पाणी आहे. सकाळी निघणारे जास्तीचा डबा आणि पाण्याची बाटली घ्या, फोन चार्ज करून ठेवा. डायबेटीसवाल्यांनी गोळ्या पर्समध्ये. सायन-कुर्लाच्या मध्ये अडकलात तर घाईने रुळात उतरू नका, इथे कळवा. आमच्या मंडळाची पोरं दोर घेऊन तयार असतात आणि वहिनीने पातेलं काढून ठेवलंय, चहा होईल.

मुलुंडची_मुग्धा

मी उद्या ८.१२ ने आहे, पुढून तिसरा डबा. पायरी बुडाली की लगेच लिहा हं, मी घाटकोपरलाच उतरेन आणि डब्यातल्या सगळ्यांना सांगेन.